तान्ह्या पोळ्यात दोरी कुणाच्या हातात?

तान्ह्या पोळ्याविषयी, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याविषयी, नागपूरहून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा :

“आम्ही 110 घरांच्या संकुलात राहतो आणि गेली दोन वर्षे मी तिथल्या सांस्कृतिक समितीवर आहे. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला माझ्या 7 वर्षांच्या मुलाने त्याच्या आजोबांचा जुना लाकडी बैल नेला होता. झूल मी शिवली, बाशिंग मी केले, शिंगांना बेगड ह्यांनी लावली, कवड्यांची माळ सासूबाईंनी ओवली. दोन रात्री आम्ही जागलो. मुलगाही फार उत्साहात होता. पहिले बक्षीस मात्र भाड्याने आणलेल्या, माणसाच्या छातीइतक्या उंच बैलाला मिळाले. तो ओढायला दोन मोठी माणसे होती, मुलगा नुसता शेजारून चालत होता. माझा मुलगा घरी येऊन रडला आणि ‘यंदा मी जाणारच नाही’ असे आत्तापासून सांगतो आहे. समितीला यंदा कार्यक्रम आणखी मोठा करायचा आहे : बाहेरचे परीक्षक, निवेदक, डीजे, प्रवेश शुल्क आणि एका शिकवणी वर्गाने देऊ केलेली बक्षिसे. मला हे पटत नाही, पण बैठकीत मी एकटी पडते. वाईटपणा न घेता हे कसे बदलावे? मुलाला कसे तयार करावे? त्याच दिवशी मारबतीची (बांबू-कागदाच्या अवाढव्य आकृतीची) मिरवणूक असते, तिला त्याला न्यावे का? आणि आदल्या दिवशी खरा पोळा दाखवायला गावी जाऊ, असे सासूबाई म्हणतात. दोन दिवसांत हे सगळे जमेल का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मलाही त्या छातीएवढ्या बैलाचा रागच आला. दुसऱ्या वाचनात मात्र एक गोष्ट खटकली, आणि ती आधी सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. झूल तुम्ही शिवली, बाशिंग तुम्ही केले, बेगड यजमानांनी लावली, माळ सासूबाईंनी ओवली. मुलाने काय केले? तो ‘उत्साहात होता’, एवढेच तुम्ही लिहिता. भाड्याचा बैल ओढणारी ती दोन माणसे आणि दोन रात्री जागणारे तुम्ही तिघे यांच्यात खर्चाचा आणि मायेचा फरक जरूर आहे. पण बैल मुलाच्या हातून काढून मोठ्यांच्या हाती गेला, हे दोन्ही घरांत सारखेच घडले. तुमच्या मुलाला रडू आले ते आपला बैल हरला म्हणून की आई-बाबांची मेहनत हरली म्हणून, हे त्याला विचारून पाहा. माझा अंदाज दुसऱ्या कारणाचा आहे.

तान्हा पोळा हा मुळात मोठ्यांच्या पोळ्याची मुलांनी केलेली नक्कल आहे, आणि नकलेत जी मोकळीक असते तीच त्यातली गंमत आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजींनी 1806 मध्ये तो सुरू केला असे सांगितले जाते. श्रावणातल्या अमावास्येला शेतकरी आपले बैल सजवून तोरणाखाली आणतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, घरातले पोर लाकडाचा बैल दोरीने ओढत तोरणाखाली आणते. मोठ्या पोळ्यात मानाचा बैल असतो, पण पहिल्या क्रमांकाचा बैल नसतो. ज्याच्या गोठ्यात एकच हाडकुळा बैल आहे, तोही त्याला धुऊन, शिंगे रंगवून त्याच रांगेत उभा करतो आणि त्याच्या घरची बाई त्याच तबकाने बैलाचे पाय धुते. शहरात तान्हा पोळा आला तेव्हा तोरण मागे राहिले आणि परीक्षकांचे टेबल पुढे आले. सजावट आणि वेशभूषेच्या स्पर्धा आता अनेक वर्षे रुळल्या आहेत आणि सगळ्याच वाईट नसतात, हे मान्य. पण डोक्याला फेटा, ओठावर काजळाची मिशी आणि हातात कर्जमाफीची पाटी घेतलेला, ती पाटी वाचताही न येणारा ‘शेतकरी’ मी एका सोहळ्यात पाहिला आहे. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले होते. ती पाटी लिहिणाऱ्याला खरे तर ते द्यायला हवे होते.

माझे लहानपण वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्या घरी गावच्या सुताराने केलेला एकच बैल होता आणि तो माझ्या धाकट्या भावाचा समजला जाई. मुलींनी त्या काळी ओट्यावर उभे राहून पाहायचे असे. बैलाच्या डाव्या कानाचा टवका उडालेला होता. अंगाला गेरू, शिंगांना हळद-कुंकवाचे बोट, गळ्यात सुतळीत ओवलेली दोन घुंगरे, पाठीवर आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी आणि कानामागे खोचलेला परसातला तेरडा, एवढीच त्याची सजावट. आणि ती सगळी भावाने स्वतः केलेली असल्यामुळे लुगड्याचा काठ नेहमी एका बाजूला घसरलेला असे. एका वर्षी मारुतीच्या देवळाकडे जाताना वाटेत त्याचे एक चाक निघून चिखलात गेले. भावाने क्षणभर इकडेतिकडे पाहिले, बैल उचलून काखोटीला मारला आणि तसाच तोरणाखाली जाऊन उभा राहिला. तिथे झडत्या, म्हणजे पोळ्यातल्या तुकबंद्या, म्हणणारे एक म्हातारे होते. त्यांनी तिथल्या तिथे तीन पायांच्या बैलावर आणि त्याला काखेत वाहणाऱ्या धन्यावर झडती रचली, सगळे गाव हसले आणि पुढचा आठवडाभर माझा भाऊ गल्लीतून पाटलासारखा चालत होता. परीक्षक असते तर सजावटीचे दहापैकी दोन गुण मिळाले असते.

आता समितीकडे वळू. ‘स्पर्धा बंद करा’ असे बैठकीत म्हणू नका. तसे म्हटले की तुम्ही उत्साहावर पाणी घालणाऱ्या ठरता, गेल्या वर्षीच्या विजेत्या कुटुंबाला ते आपल्यावरचे बोट वाटते आणि विषय बैलावरून माणसांवर जातो. त्याऐवजी एकच नियम मांडा, आणि तो लहानांच्या सुरक्षिततेचा म्हणून मांडा, कारण तो खरोखर तसाही आहे : संकुलाच्या फाटकापासून तोरणापर्यंत बैल मुलाने किंवा मुलीने स्वतः ओढत आणायचा, दोरीला मोठ्यांचा हात लागणार नाही, पालकांनी तोरणाच्या अलीकडे थांबायचे. या एका अटीने छातीएवढा बैल आपोआप घरी राहतो, कारण 7 वर्षांच्या मुलाला तो चार पावलेसुद्धा ओढवत नाही. कुणाचे नाव घ्यावे लागत नाही, भाड्याच्या बैलावर बंदी घालावी लागत नाही. ज्यांना तो मोठा नंदी आणायचाच असेल त्यांनी तो तोरणाशेजारी शोभेला ठेवावा. सगळी मुले त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढतील आणि त्या कुटुंबाचा मानही राहील.

दुसरी सूचना अशी की सजावट घरातून काढून वाहनतळात आणा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दोन तास मोकळी जागा करून जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत; सामायिक टोपल्यांत बेगड, रंगीत कागद, लोकर, घुंगरे, कापडाच्या चिंध्या, गेरू आणि डिंक ठेवावा; ज्यांच्याकडे लाकडी बैल नाही त्यांच्यासाठी मातीचे गोळे ठेवावेत. मातीच्या बैलांची पोळ्याला घरोघर पूजा होतेच, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही, आणि मूर्तिकारांच्या चितार ओळीत किंवा कुंभाराकडे माती सहज मिळते. तुमच्या संकुलात विदर्भाबाहेरची कुटुंबे असणारच. तान्हा पोळा म्हणजे काय हे त्यांना पत्रकावरून कळत नाही, पण आपल्या मुलीने केलेला वाकड्या शिंगांचा बैल वाळायला ठेवताना ती सगळी आपसूक सामील होतात. मुलीचा उल्लेख मुद्दाम केला. तोरणाखाली आता मुलीही बैल आणतात, पण पत्रकावर अजून ‘बालगोपाळांनी’ असेच छापलेले असते, ते एवढ्या निमित्ताने बदलून घ्या.

शिकवणी वर्गाची बक्षिसे नाकारून कटुता घेऊ नका. त्यांना सांगा की आम्ही क्रमांक काढत नाही, प्रत्येक बैलाला बोजारा देतो, तुम्ही त्याचा वाटा उचला. बोजारा हा शब्द समितीतल्या निम्म्या मंडळींना माहीत नसेल, तर तो समजावून सांगण्याची ही संधी आहे. पोळा फुटल्यावर, म्हणजे तोरणाखालचे बैल पांगल्यावर, बैल दारी येतो तेव्हा त्याची पूजा करून बैल आणणाऱ्याच्या हातावर जे ठेवतात, तो बोजारा. तान्ह्या पोळ्यात मुले बैल घेऊन घरोघर जातात आणि कुणी नाणे देते, कुणी खाऊ देते. बक्षीस एकाला मिळते आणि बोजारा प्रत्येक बैलाला मिळतो, हा दोन्हींतला फरक 7 वर्षांच्या मुलालाही कळतो. मात्र अनेक मजल्यांच्या इमारतीत एक अडचण येते, ती आधीच सोडवून ठेवा : एका दारात मोठी नोट आणि शेजारच्या दारात एक चॉकलेट असे झाले की मुले जिन्यातच हिशेब करू लागतात आणि पुन्हा तीच स्पर्धा मागच्या दाराने आत येते. सगळ्या घरांनी एकच ठरवावे, शक्यतो एक कोरे नाणे आणि एक फळ किंवा लाडू. लिफ्टमध्ये बैल कोंबण्यापेक्षा मुलांना गटागटाने दोन-दोन मजले वाटून द्यावेत. ज्या घरी आजारपण किंवा दुःख असेल त्या दारावर आधीच एक साधी खूण असावी, म्हणजे कुणाला नाही म्हणण्याचा प्रसंग येत नाही.

आता डीजेविषयी. डीजेमुळे कानठळ्या बसतात हे खरेच, पण माझा आक्षेप वेगळा आहे : तो असला की झडती ऐकू येत नाही, आणि झडतीशिवाय पोळा म्हणजे नुसती रांग. झडत्या या वऱ्हाडी बोलीतल्या, पोळ्यात उभे राहून म्हणायच्या तुकबंद्या. त्यांत महादेव-पार्वती असतात, बैलाचे कौतुक असते, सावकाराला, सरकाराला आणि पाटलाला काढलेले चिमटेही असतात आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ‘हर हर महादेव’चा गजर करायचा असतो. तुमच्या संकुलात झडत्या येणारी माणसे नक्की आहेत, फक्त ती समितीत नाहीत. पहारेकरी, माळी, कामाला येणाऱ्या बाया, गावाहून मुलाकडे राहायला आलेले एखादे आजोबा यांना विचारा. भंडारा-गोंदियाकडचा किंवा यवतमाळकडचा माणूस असेल तर दोन-चार झडत्या त्याला पाठ असण्याचा संभव बराच आहे. बाहेरच्या निवेदकाला जे मानधन देणार होता त्यातून अशा माणसाचा शेला-श्रीफळ देऊन मान करा आणि ध्वनिक्षेपक त्याच्या हाती द्या. त्यांची मुलेही त्या रांगेत आपले बैल घेऊन असावीत, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते. कारण प्रवेश शुल्क लावले की पहिली गळती तिथेच होते.

मुलांनाही झडती रचायला लावा. संकुलातल्या कुरबुरी त्यासाठी उत्तम. नमुन्यादाखल मीच एक जुळवून पाहिली :

पाणी आलं पहाटे, टाकी गेली भरून,
आजोबा चढले सात माळे, लिफ्ट पाहे दुरून,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

माझी फारशी धारदार नाही. मुले याहून तिखट करतील, आणि अध्यक्षांना हसत ऐकून घ्यावे लागेल, कारण पोळ्यातल्या झडतीचा राग धरायचा नसतो.

बैठकीत हे कधी मांडावे, यालाही महत्त्व आहे. तान्हा पोळा पाडव्याला आणि गणपती चतुर्थीला, म्हणजे मध्ये जेमतेम दोन-तीन दिवस. समितीचे लक्ष त्या वेळी वर्गणी, मंडप आणि मूर्तीकडे असते, म्हणूनच तान्हा पोळा कुणा बाहेरच्याकडे सोपवून मोकळे व्हावेसे वाटते. डीजे आणि निवेदकामागे हौसेपेक्षा हा थकवा जास्त असतो. म्हणून तुम्ही नुसता विरोध न नोंदवता ‘तान्ह्या पोळ्याची जबाबदारी माझी, मला तीन माणसे द्या, गणपतीचा मंडप तीन दिवस आधी उभा करून तोच वापरू’ असे म्हणा. काम अंगावर घेणाऱ्याचे म्हणणे समितीत सहसा मोडले जात नाही. तारखांचा गोंधळही आधी मिटवून टाका. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला येते आणि पोळाही तसाच पुढे सरकतो. गेल्या वर्षीच्या तारखेवरून मुलांच्या चाचणी परीक्षा, गाडीची तिकिटे आणि सुताराचे काम ठरवणारे लोक दर वर्षी फसतात.

आता मुलाविषयी. त्याला ‘तयार’ करू नका. ‘यंदा मी जाणार नाही’ हे त्याचे म्हणणे ऐकून घ्या आणि ‘बरं, नको जाऊस’ असे म्हणा, मनापासून म्हणा. मग आठवडाभराने, पोळ्याचे नाव न काढता, आजोबांचा बैल माळ्यावरून काढून त्याच्यासमोर ठेवा आणि सांगा की गेल्या वर्षीची झूल काढून ठेवली आहे, बैल आता उघडा आहे, त्याचे काय करायचे ते तू ठरव. ठरवायला त्याला वेळ लागेल. तो कदाचित त्याला निळा रंग देईल. आजोबांच्या बैलाला निळा रंग पाहून घरातल्या मोठ्यांना जे काही वाटेल, ते मोठ्यांनी आपसांत बोलून घ्यावे. तुमच्या हाताला चैन पडणार नाही हे मला दिसते आहे, कारण दोन रात्री जागून झूल शिवणारी बाई सुई खाली ठेवत नाही. तुम्ही त्या हातांनी संकुलाचे तोरण करा. आंब्याची पाने, आणि मिळाला तर पळस. ते सर्वांचे असते, तिथे कौशल्य दाखवायला भरपूर जागा आहे. आणि आजोबांनी तो बैल कुणाकडून करून घेतला, त्यांच्या वेळी पोळा कुठे भरायचा, चाके पहिल्यापासून हीच आहेत का, एवढे सासूबाईंनी त्याला एकदा सांगितले, तर बैल त्याच्या हाती सोपवल्यासारखे होईल. शेवटी तो गेलाच नाही, तर एक वर्ष वरच्या गॅलरीतून पाहील. बिघडत काही नाही.

मारबतीबाबत माझे मत स्पष्ट आहे : 7 वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी मारबत आणि तान्हा पोळा दोन्ही घडवू नयेत. मिरवणूक दिवसा इतवारी-महाल भागातल्या अरुंद रस्त्यांतून जाते, गर्दी अलोट असते, ऊन पडले तर उकाडा आणि पाऊस आला तर चिखल, आणि तिथून आलेले मूल संध्याकाळी तोरणाखाली डुलक्या घेते. नागपूरच्या मुलाने मारबत पाहूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. काळी आणि पिवळी या दोन्ही मारबती 1880 च्या दशकापासून निघत आल्या आहेत; त्या नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात तो क्षण मोठेपणीही विसरत नाही. काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीशी जोडतात, आणि सोबतचे बडगे, म्हणजे टीकेसाठी केलेले पुतळे, त्या-त्या वर्षीच्या महागाईला, भ्रष्टाचाराला, पुढाऱ्यांना धारेवर धरतात. गावाबाहेर नेऊन दहन करताना रोगराई, इडा-पीडा सगळे ‘घेऊन जा गे मारबत’ असा गजर होतो. यंदा एवढे करा : मिरवणुकीच्या आधी मारबत तयार होऊन बसते आणि लोक दर्शनाला जातात, तेव्हा एखाद्या संध्याकाळी त्याला नेऊन आणा. बांबूच्या कामट्या, कागद आणि रंग यांतून ती अवाढव्य आकृती कशी उभी राहते ते त्याला जवळून पाहता येईल, आणि गर्दीत ते शक्य नसते. मिरवणूक तो 10-11 वर्षांचा झाल्यावर, त्याच्या बाबांबरोबर पायी पाहू दे. संकुलातल्या मोठ्या मुलांना वाटल्यास त्यांनी जुन्या कपड्यांचा आणि पेंढ्याचा एक छोटा बडग्या करावा आणि त्याच्या गळ्यात या वर्षीची तक्रार अडकवावी. त्यात प्लास्टिक आणि थर्माकोल नको, आणि जाळणे मोठ्यांच्या देखरेखीखाली मोकळ्या जागेत व्हावे.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मला सर्वांत जास्त पटले, आणि दोन दिवसांतले एकच काही निवडायचे असेल तर मी तेच निवडेन. खरा बैल न पाहिलेल्या मुलाला लाकडी बैल हे एक खेळणेच राहते. शक्य असेल तर पोळ्याच्या दिवशी नव्हे, आदल्या संध्याकाळीच गावी पोहोचा. त्यासाठी वाहनतळातली सजावट एक दिवस अलीकडे घेतलीत तरी चालेल. त्या संध्याकाळी बैलांना नदी-ओढ्यावर धुऊन आणतात आणि वर्षभर जू वाहिलेले त्यांचे खांदे हळद आणि तुपाने शेकतात. त्यांच्या कानाशी ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे निमंत्रण देतात. मी स्वतः हे निमंत्रण शेकडो वेळा ऐकले आहे. बैल त्या वेळी कान हलवतो आणि मुलांची खात्री पटते की त्याने होकार दिला. तुमच्या मुलाला त्या खांद्यावर हात ठेवू द्या. तिथली कातडी जाड, राठ आणि जरा चकचकीत झालेली असते. ते हाताला लागले की कामाविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी नवी वेसण, नवा कासरा, मथाटी, झूल, घुंगरमाळा असा थाट होतो आणि दुपार कलली की बैल तोरणाखाली उभे राहतात. ट्रॅक्टर आल्यापासून बऱ्याच गावांत जोड्या मोजक्याच उरल्या आहेत, तेव्हा तुमच्या गावी पोळा भरतो की शेजारच्या, हे आधी विचारून घ्या.

काही साध्या काळज्या घ्याव्या लागतील. बैलाच्या मागून जाऊ नये, समोरून किंवा बाजूने, त्याला दिसेल असे जावे. पावसाचे दिवस म्हणून छत्री असेलच. ती बैलासमोर एकदम उघडू नये, बिथरतात. फटाके वाजू लागले तर मुलाला घेऊन देवळाच्या किंवा कुणाच्या ओट्यावर चढावे. पोळा फुटल्यानंतर बैल दौडत घराकडे निघतात तेव्हा गल्लीच्या मधोमध थांबू नये. बैल दारी आल्यावर त्याचे पाय धुणे, पुरणपोळीचा घास भरवणे हे काम सासूबाई करतील, आणि मुलगा त्यांच्या शेजारी तबक धरून उभा राहू शकेल. रात्रीच परत निघण्याची घाई नको. पाडव्याच्या सकाळी निघून दुपारपर्यंत घरी या, मुलाला तासभर झोपू द्या, मग तोरण बांधायला जा. मारबत वगळल्यामुळेच हे जमते. शहरातून निघणारी वाहने आणि मिरवणुकीमुळे वळवलेले रस्ते लक्षात घेऊन मध्य नागपुरातून येणे टाळा.

सुट्टी आहेच म्हणून पेंचला वाघ पाहून येऊ, असे कुणी सुचवले तर पावसाळ्यात गाभ्याचे क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते, हे त्यांना आधीच सांगून टाका. गावाहून येताना वाट रामटेकवरून असेल, तर गडावर अर्धा तास थांबायला हरकत नाही. त्या दिवसांत तिथून खिंडसीचा तलाव आणि भोवतालचे हिरवे डोंगर फार छान दिसतात. पण मुलाच्या डोक्यात बैल असेल तर थांबू नका.

आणि आजोबांच्या बैलाची चाके आत्ताच तपासून घ्या. जुन्या बैलांची चाके ज्या खुंटीवर फिरतात ती बहुधा झिजलेली असते आणि संकुलातल्या फरशीवर ती चटकन निसटते. सुताराकडे श्रावण अर्धा सरण्याआधी जावे. पोळ्याच्या आठवड्यात त्याच्या दुकानासमोर रांग असते आणि त्याला मान वर करायलाही वेळ नसतो. बैल तुम्ही घेऊन जाऊ नका. मुलाने तो रस्त्यातून ओढत न्यावा, चाक कुठे डुगडुगते ते त्यानेच सुताराला दाखवावे, आणि नवी खुंटी बसेपर्यंत तिथे लाकडाच्या भुशात बसून राहावे.